पॉवरग्लाइड गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर, सात महिने चालवल्यावर

पावसाच्या आधी गिअरबॉक्स चढवला, आता सात महिने होत आले म्हणून लिहितोय. गाडी काकांची, १९६४ ची शेव्हरोले इम्पाला, ३२७ घनइंचाचं व्ही-एट इंजिन आणि पॉवरग्लाइड, म्हणजे दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. दोनच असले तरी ड्रॅग रेसवाले (सरळ रस्त्यावर शर्यत लावणारे) हाच बॉक्स शोधतात, पार्ट कमी, वजन कमी, मार खायची ताकद भरपूर, ४०२ मीटरच्या धावेत एकदाच गिअर पडतो.

आधी एका गॅरेजला दिलेला. त्यांनी क्लच प्लेटा, सील सगळं नवीन टाकलं पण टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा, नुसता धुऊन परत बसवला. दोन महिन्यांत लाल तेल काळं, जळका वास, दुसरा गिअर पडला की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढ घेईना. जुन्या प्लेटांचा चुरा कन्व्हर्टरच्या पात्यांत साचून राहतो बघा, वरवर धुऊन निघत नाही, तोच नव्या बॉक्समध्ये गेला, व्हॉल्व्ह अडकले, प्रेशर पडलं आणि नव्या प्लेटाही जळल्या. काका चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग बेळगावातच उद्यमबागेत लेथवर कन्व्हर्टरचा वेल्ड कापून दोन भाग केले. आत काळा चिखल, आणि स्टेटरचा (तेलाची दिशा वळवणाऱ्या मधल्या पात्यांचा) वन-वे क्लच दोन्हीकडं फिरतोय! तो एकाच बाजूला फिरायला पाहिजे, नाहीतर सुटताना टॉर्क वाढतच नाही. तो बदलला, बेअरिंग बदलली, परत वेल्ड, डायल लावून रनआउट (फिरताना किती वाकडा जातो ते) बघितला, गळती बघायला हवा भरून पाण्यात बुडवला, बॅलन्स केला. मिस्त्रींनी पहिल्यांदाच कन्व्हर्टर उघडलेला, पण काम असं की हात जोडावेत.

बसवताना घाई करू नका. कन्व्हर्टरमध्ये आधी तेल ओता, फिरवत फिरवत गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसवा, बोल्ट लावायच्या आधी फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनकडच्या पातळ चकतीपर्यंत) ३-४ मिलिमीटर फट दिसली पाहिजे, फट नसताना बोल्टानं ओढला तर पंप गेलाच. लो बँडचा (पहिल्या गिअरला आवळणाऱ्या पट्ट्याचा) स्क्रू ७० इंच-पाउंडला घट्ट करून नवीन बँडला ३ फेरे मागे, जुन्याला ४.

आता सुटताना गाडी मागच्या चाकांवर बसते आणि निघते, पहिल्यासारखी मरगळ नाही. वेगळा ऑइल कूलर लावलाय, चोर्ला घाट चढूनही तेल लालच. तक्रारी दोनच, मागच्या सीलला थोडा ओलावा येतोय, आणि कोल्हापूर हायवेला दोन गिअरवर इंजिन फार ओरडतं, पण तो बॉक्सचा स्वभावच की. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उघडून फिल्टर बदलणार, चुरा किती निघतो ते बघायचंय.