ऑगस्टमध्येच पिकलेलं एंटरप्राइझ

एंटरप्राइझ जातीचं सफरचंद न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्याला पिकतं. गोल्डरश त्याहून उशिरा, ऑक्टोबर संपता संपता, आणि ते रंगाला पिवळं. माझ्या परसात २०२४ साली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात या दोन्ही नावांच्या झाडांची फळं पिकली. दोन्हीकडची फळं पिवळ्यावर लाल पट्टे असलेली, एकाच आकाराची. टोपलीत मिसळली असती तर कुठलं कुठल्या झाडाचं हे मलाही सांगता आलं नसतं. बायकोने एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "अरे, हे तर आपण दुकानातून पिशवीभर आणतो तेच."

तेच होतं. गाला. मुलांच्या डब्यात रोज जातं ते.

चार वर्षं पाणी घातलं, काठ्या बांधल्या, हरणांपासून वाचवायला जाळ्या लावल्या, त्या झाडांची ही गोष्ट. इथे अमेरिकेत घर घेतल्यावर परसात सफरचंद लावायची हौस आपल्यातल्या बऱ्याच जणांना येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

हिल्सबरोला घर घेतलं तेव्हा मागे चांगली ऐसपैस जागा होती. मुलं लहान. झाडावरून तोडून थेट तोंडात घालता येईल असं फळ हवं होतं, म्हणजे फवारणी नको. इथल्या ओल्या वसंतात हे सोपं नाही. स्कॅब म्हणजे पानांवर आणि फळांवर डाग पाडणारा रोग; त्याची बुरशी गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि एप्रिलच्या पावसात तिचे बीजाणू कोवळ्या पानांवर उडतात. बागायतदार कळी फुटायच्या सुमारापासून पुन्हा पुन्हा फवारतात. मला ते करायचं नव्हतं, म्हणून रोगप्रतिकारक जात शोधू लागलो.

तो विचार चुकीचा नव्हता. अशा जाती खरोखर आहेत आणि त्यांचा इतिहास वाचताना मी अक्षरशः हरखलो होतो. जपानी शोभेच्या एका रानसफरचंदात, मॅलस फ्लोरिबंडा ८२१ मध्ये, स्कॅबला दाद न देणारा गुण सापडला. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून तो खाण्याच्या सफरचंदांत उतरवला. १९७० साली प्रिमा ही त्यांची पहिली जात आली. त्यांच्या बऱ्याच जातींच्या नावात इंग्रजी पी-आर-आय ही तीन अक्षरं लपवलेली असतात: प्रिमा, प्रिसिला, एंटरप्राइझ. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा संशोधन केंद्राने १९७८ साली लिबर्टी आणली. आणि रटगर्स तर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर! म्हणजे शेजारच्या गावात घडलेली जात मी कुठल्या तरी भलत्याच ठिकाणाहून मागवत होतो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

जानेवारी २०२१. बाहेर बर्फ, हातात फोन. एका ऑनलाइन नर्सरीची जाहिरात आली: रोगप्रतिकारक बाग, तीन झाडांचा संच. एंटरप्राइझ, गोल्डरश, लिबर्टी. फवारणीची गरज नाही. पहिल्याच वर्षी फळं. फोटोतली सफरचंदं इतकी लाल की लहान मुलाने रंगवलेली वाटावीत. टपालखर्च धरून २१० डॉलर झाले. नावं खरी होती, मी वाचलेलीच होती, त्यामुळे मला शंका आली नाही. अनोळखी नाव असतं तर मी दहा ठिकाणी चौकशी केली असती.

एप्रिलमध्ये खोकं आलं. उघड्या मुळांची, काठीएवढी तीन रोपं. प्रत्येकाला प्लॅस्टिकची पट्टी, त्यावर जातीचं नाव, बारकोड आणि 'बुटकं'. बस. लावली. मे महिन्यात पालवी फुटली आणि लगेच मेल आला: झाडं कशी आहेत ते लिहा, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळवा. मी पाच तारे दिले. पॅकिंग उत्तम, झाडं टवटवीत, असं काहीतरी लिहिलं.

त्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर झाडं दाखवली. बाबा संगमेश्वरकडे असतात, आमची आंब्याची तीसेक कलमं आहेत. मी कौतुकाने एकेक नाव सांगत होतो. ते म्हणाले, "नाव राहू दे. गाठ दाखव."

फोन खाली नेला. दोन झाडांची कलमाची गाठ जमिनीच्या वर वीतभर दिसत होती. तिसऱ्याची मी मातीत पुरली होती. त्यावरून आधी बोलणी खाल्ली, कारण गाठ पुरली की वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि मग खालच्या खुंटाचा उपयोग संपतो. मग विचारलं, "खुंट कसला आहे?"

"बुटका."

"बुटका हे काय नाव झालं? आमच्याकडचा टेम्पोवाला पण असंच सांगायचा."

तो टेम्पोवाला घरात प्रसिद्ध आहे. बाबांनी तरुणपणी त्याच्याकडून हापूसची दहा कलमं घेतली होती. फळ धरायला सात वर्षं गेली आणि सहा झाडांना रायवळ आंबे लागले. तोवर टेम्पोही नाही आणि माणूसही नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तरी.

खुंटाचा प्रश्न बाबांनी सहज विचारला, पण मुद्दा तिथेच होता. सफरचंदाचं झाड म्हणजे दोन झाडं. वरची काडी फळ ठरवते. खालचा खुंट उंची ठरवतो आणि काही रोगांत जगणं-मरणंही. एम-९ आणि एम-२६ हे इंग्लंडहून आलेले बुटके खुंट फार वापरतात, पण फायर ब्लाइट नावाच्या जिवाणूजन्य रोगाला ते पटकन बळी पडतात. वरची जात कितीही चिवट असो, रोग खुंटात उतरला की झाड गेलं. म्हणूनच जिनिव्हा केंद्रात पुढे जी-४१, जी-९३५ असे या रोगाला तोंड देणारे खुंट तयार केले गेले. माझ्या पट्टीवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नाही हे मला खटकलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या मे-जूनमध्ये, तिन्ही झाडांच्या पानांवर डाग आले. काही काळपट हिरवे, मखमलीसारखे. काही भडक पिवळे-नारिंगी. पानं घेऊन काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या कचेरीत, गेलो. तिथे स्वयंसेवक बसतात, मोफत सल्ला देतात. एका आजीबाईंनी भिंगातून पाहून सांगितलं की काळपट तो स्कॅब आणि नारिंगी तो सीडर-ॲपल रस्ट. म्हणजे तांबेरा. मग विचारलं, घरामागे सीडर आहेत का?

होते. शेजाऱ्यांच्या कुंपणाला हे सदाहरित वृक्ष ओळीने सात. या तांबेऱ्याला जगायला दोन झाडं लागतात. सीडरवर तपकिरी गाठी धरतात, वसंतातल्या पावसात त्या फुगून त्यांतून नारिंगी जेलीसारखी शिंगं बाहेर येतात आणि तिथले बीजाणू वाऱ्याने सफरचंदावर जातात. सफरचंदावरून सफरचंदावर हा रोग जात नाही, त्याला परत सीडरच गाठावा लागतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "गव्हावरचा तांबेरा ऐकला होता. हा म्हणजे दोन घरचा पाहुणाच की."

इथे माझीही चूक कबूल करायला हवी. गोल्डरशला स्कॅब होत नाही, पण या तांबेऱ्यापुढे ती जात अगदी नाजूक आहे. म्हणजे मला खरं गोल्डरश मिळालं असतं तरी सात सीडरांच्या शेजारी ते लावणं शहाणपणाचं नव्हतं. 'रोगप्रतिकारक' हा शब्द वाचून मी खूश झालो होतो. कोणत्या रोगाला, हे विचारलंच नाही. चांगल्या नर्सरीच्या यादीत प्रत्येक जातीपुढे स्कॅब, तांबेरा, फायर ब्लाइट, भुरी असे रोग वेगवेगळे मांडून कुठे दम आहे आणि कुठे नाही ते लिहिलेलं असतं. एकच शब्द मोठ्या अक्षरात छापणारा बहुधा काहीतरी झाकत असतो.

नर्सरीला फोटो पाठवले. उत्तर तासाभरात आलं: प्रतिकारक म्हणजे पूर्ण रोगमुक्त नव्हे, हवामानानुसार फरक पडतो, आणि झाडाची हमी एका वर्षाची होती, ती संपली आहे. पहिलं वाक्य ऐकायला खरं वाटतं, बऱ्याच रोगांबाबत खरंही आहे. पण एंटरप्राइझ, गोल्डरश आणि लिबर्टी, तिन्ही जाती मुळात स्कॅब होऊ नये म्हणूनच घडवलेल्या. तिघींच्याही पानांवर एकाच वसंतात इतका स्कॅब यावा, याचा सरळ अर्थ पट्टी खोटी असा होता. तेव्हा मला एवढं ठामपणे कळत नव्हतं. मी गप्प बसलो.

२०२३ च्या जूनमध्ये लिबर्टीची पट्टी असलेल्या झाडाचे कोवळे शेंडे जळल्यासारखे काळे पडले आणि छत्रीच्या मुठीसारखे वाकले. फायर ब्लाइट. रोगट भागाच्या बरंच खाली कापत गेलो, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसून. तरी जुलैअखेर झाड वाळलं. आणि ऑगस्टमध्ये बुंध्यातून हिरवेगार फुटवे आले! मला इतका आनंद झाला की भांडण विसरून नर्सरीलाच फोटो पाठवला. त्यांनी अभिनंदन केलं. झाड सावरतंय, खत घाला, म्हणाले. खताचा दुवाही पाठवला, त्यांच्याच दुकानातला.

बाबांनी फोटो पाहिला. "फुटवे गाठीच्या खालून आलेत. तो खुंट आहे. तुझं झाड मेलंय." लिबर्टी खरं लिबर्टी होतं की नाही हे आता कधीच कळणार नाही. पानांवरचे डाग आठवले तर नसावंच.

मग २०२४ चा तो ऑगस्ट. सप्टेंबरात आपण सगळे सफरचंद तोडायला जातो तशा एका बागेत मी माझी चार फळं घेऊन गेलो. मालकाने एक कापलं, चावलं आणि हसला. ऑगस्टमध्ये एंटरप्राइझ? या राज्यात तरी नाही, म्हणाला. पण मला कागद हवा होता. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी पानांच्या डीएनएवरून सफरचंदाची जात ओळखून देते. फी भरून दोन्ही झाडांची पानं पाठवली. उत्तर आलं: दोन्ही गाला. स्कॅबलाही बळी पडणारं आणि फायर ब्लाइटलाही.

अहवाल नर्सरीला पाठवला. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, गोदामात पट्ट्यांची अदलाबदल झाली असावी म्हणाले, आणि पुढच्या खरेदीवर वीस टक्क्यांचं कूपन दिलं. पैसे परत मिळणार नाहीत, कारण हमी एक वर्षाची. कार्ड कंपनीकडे तक्रार करायची मुदतही कधीच संपली होती. सगळी गोम या एका वर्षात आहे. झाड आपलं नाव तिसऱ्या-चौथ्या वर्षी, फळ धरल्यावर सांगतं. हमी पहिल्या वर्षी संपते. चूक झाली की मुद्दाम केलं, हे मला ठरवता येत नाही. पण तीन वेगळ्या पट्ट्यांच्या झाडांपैकी दोन एकाच स्वस्त, ढिगाने मिळणाऱ्या जातीची निघावीत ही अदलाबदल मला पटत नाही.

गावाकडे वेगळी परिस्थिती नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली, ती खरी आहे. माझ्या चुलत भावाने त्या नावाने चार रोपं घेतली. बाबांनी जाऊन पाहिलं तर एकालाही कलमाची गाठ नाही. बियांची रोपं. सफरचंदाच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही, त्यामुळे त्यांना काय लागेल ते देवालाच ठाऊक.

यंदा मार्चमध्ये मी पुन्हा एक झाड घेतलं, एकच. आधी फोन केला. मी काही विचारायच्या आत पलीकडच्या बाईंनी विचारलं, "जवळपास सीडर आहेत का?" त्यांनी गोल्डरश विकायला सरळ नकार दिला आणि लिबर्टी सुचवलं, कारण ते तांबेऱ्यालाही दाद देत नाही. खुंट कोणता, काडी कुठल्या झाडाची, फळ कुठल्या महिन्यात येईल, सगळं पावतीवर लिहून दिलं. जात चुकीची निघाली तर फळ धरल्यावरही झाड बदलून देऊ, हेही. एका झाडाला ७० डॉलर पडले. म्हणजे त्या संचातल्या एका झाडाला पडले तेवढेच.

दोन्ही गाला अजून उभे आहेत. मुलांना आवडतात, म्हणून मी फवारतो. नको होतं तेच.

आणि ते पाच तारे. परवा पाहिलं तर त्या संचाच्या पानावर माझा अभिप्राय अजून सगळ्यात वर आहे. पॅकिंग उत्तम, झाडं टवटवीत. खालचे बहुतेक अभिप्रायही असेच मे-जूनमधले, पालवी पाहून लिहिलेले. माझा बदलायचा प्रयत्न केला तर मुदत संपली असं आलं. त्याखाली लिहिलंय की तो ४३ जणांना उपयोगी वाटला.