खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी गळ्यात मारली, जुनी गाडी बघताय तर आधी हे वाचा

सांगलीच्या माणसाला पुरातली गाडी विकायची म्हणजे धाडस पाहिजे. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हापासून इथलं शेंबडं पोरगंसुद्धा सीटखालचा गाळ बघून गाडी सांगतं. तरी मला विकली. ४,२६,००० रुपयांना.

पुण्याच्या वाटेवरचा एक गाडीबाजार आहे, नाव लिहीत नाही, वकील म्हणाले केस चालू आहे तोवर लिहू नका. २०१९ ची डिझेल सेडान, कोकण पासिंग, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय". जुन्या गाड्या सगळ्या डॉक्टरांच्याच कशा असतात कळत नाही, शिक्षकाची कुणी विकतच नाही. टोकन ११,००० यूपीआयनं, २,६५,००० आरटीजीएस ते पण त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर, आणि १,५०,००० रोख. रोख का दिले विचारू नका, रोख दिली तर १५ हजार कमी करतो म्हणाला, तुम्हीपण दिली असती.

आणि मी आंधळेपणानं घेतली नाही हे पहिलं लक्षात घ्या. दाजींना बरोबर नेलं होतं, दाजींनी पुरानंतर ढिगानं गाड्या बघितल्यात, त्यांनी डिकीतली स्टेपनी काढून खड्ड्यात हात घातला, फ्यूज बॉक्सच्या मागं बोट फिरवलं, कार्पेटचा कोपरा उचलला, गाळाचा कण नाही. वास फक्त सेंटचा. गाळ असता तर दाजींनी लांबूनच सांगितलं असतं.

मग मी ड्रायव्हर साईडचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. हे कुणीतरी सांगितलेलं, म्हणून ओढला. खालचा वीतभर पट्टा कडक लागला आणि त्यावर आडवी पांढरट रेघ होती, नखानं खरवडली तर पीठ निघालं. मी विचारलं हे काय ओ, तर तिथलं पोरगं म्हणतं, "घामाचं मीठ साहेब, कोकणात उकाडा लई." आणि आम्ही हसलो! त्या पोरानं तोंडावर मीठ सांगितलं आणि मी नि दाजी हसत चहा प्यायलो. अजून रात्री ती रेघ डोळ्यापुढं येते. पण मला सांगा, उन्हाळ्यात आपल्या शर्टाच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग पडतातच की, कुणाला संशय येणार? इथं समुद्र कुणी बघितलाय.

पॉलिसी पण निव्वळ थर्ड पार्टी होती, नवी कोरी. "विकायचीच म्हणून मालकानं फुल काढली नाही." हेपण पटण्यासारखंच होतं ना! आता मी म्हणतो, मागच्या वर्षीची पॉलिसी मागा आणि त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के आहे बघा. ओळीनं पाच वर्षं क्लेम न केलेल्या मालकाला ५० टक्के असतो. शून्य दिसला किंवा जुनी पॉलिसीच "सापडत नाही" म्हणाले तर टोकन देऊ नका. एमपरिवहनवर (गाडीची माहिती दाखवणारं सरकारी ॲप) मला सगळं व्यवस्थित दिसलं होतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी काच आपोआप खाली यायला लागली. मग रात्री गाडी उभी असताना हॉर्न, शेजारी भांडायला. मग एअरबॅगचा दिवा, मग एबीएसचा, आणि एक दिवस पेठ नाक्याच्या अलीकडं चालती गाडी बंद, मागं उसाचा ट्रॅक्टर, गाडीत पोरं. मिरजेतल्या जुन्या इलेक्ट्रिशियननं उंबऱ्यावरची पट्टी काढून कार्पेट वर केलं, एक कनेक्टर खोलला, आत द्राक्षाला मारायचं मोरचूद सांडावं तसं हिरवट निळं. खालची पांढरी पावडर त्यानं बोटावर घेतली, जिभेला लावली, थुंकला. "दादा, ही नदीत नव्हती, समुद्राच्या पाण्यात होती."

गोड्या पाण्यातल्या गाड्या धुऊन वाळवून पुष्कळदा उठतात, आमच्या गल्लीतली एक अजून पळतीय. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. पाणी वाळतं पण मीठ राहतं, ते हवेतला ओलावा ओढत बसतं आणि आतलं तांबं महिनोन्महिने खात राहतं. गाडी वाचवायची तर लगेच बॅटरी सोडायची, सेल्फ मारायचाच नाही, आतून खालून भरपूर गोड्या पाण्यानं धुवायची, सीट कार्पेट बाहेर, एकेक कनेक्टर खोलून साफ. यांनी वरून शाम्पू केला आणि आत सेंट मारला.

शोरूमचं एस्टिमेट २,१८,४००. वायरिंग हार्नेस (गाडीभर फिरलेला वायरींचा जुडगा), ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस, एअरबॅगचं मॉड्यूल. हे एअरबॅगचं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढंमागं जमिनीलगतच असतं, म्हणजे पाणी पहिलं तिथं. एकजण म्हणाला ३८,५०० मध्ये ईसीएम आणि वायरिंग धुऊन गॅरंटीनं देतो, दिले, पहिल्या पावसात परत बंद. धुतलेलं हार्नेस कुणी देत असेल तर घेऊ नका.

सर्व्हिस रेकॉर्डवरून मूळ मालक सापडले. डॉक्टर नाहीत. सरळ माणूस, फोनवर सगळं सांगितलं. खाडीकाठची सोसायटी, उधाणाची भरती आणि वरून पाऊस, सीटपर्यंत पाणी, दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणून इन्शुरन्सनं टोटल लॉस केली, पैसे दिले, गाडी लिलावात गेली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यांच्या. म्हणजे कागदावर गाडी त्यांच्याकडून थेट माझ्याकडं, डीलरचं नाव कुठंच नाही.

इथल्या पोलिसांनी सांगितलं व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा. तिकडचे म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. मी झिरो एफआयआर म्हणालो (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो), फसवणुकीचं कलम ३१८ म्हणालो (जुनं ४२०), तर हवालदार म्हणे, "वकील आहात का?" मग पावती बघून त्यावरचं "आहे त्या स्थितीत, पाहून घेतली" मलाच मोठ्यानं वाचून दाखवलं, जसं काय मी चोर. अर्जावर पोचसुद्धा देईनात, बसून राहिलो तेव्हा शिक्का मारला. आरटीओत विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमचं प्रमाणपत्र लागतं, याच्याकडं आहे का तेवढं सांगा. उत्तर काय, "कागद ओके होते म्हणून ट्रान्स्फर झालं." अहो कागद ओकेच आहेत, गाडी कुजलीय! इन्शुरन्सवाल्यांना चेसिस नंबर देऊन विचारलं लिलावात कुणी घेतली, तर तुम्ही आमचे ग्राहक नाही. टोटल लॉस झालेली गाडी परत रस्त्यावर येते, आरसीवर एक अक्षर नाही, आणि प्रत्येक खिडकीवर माणूस म्हणतो माझं काम नाही. मग कुणाचं, माझ्या पोरांचं?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात केलीय तक्रार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि मुदत दोन वर्षं आहे, डीलरच्या "करतो ओ काहीतरी" वर ती घालवू नका. पैसे ज्याच्याशी बोलताय त्याच्याच खात्यावर टाका, मेव्हण्याच्या नको. सीटच्या रुळाचे बोल्ट नवे चकचकीत आणि रूळ गंजलेला दिसला तर उठून चालायला लागा. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, माझ्या गाडीची जाहिरात टोकन दिल्यावर संध्याकाळपर्यंत गायब होती, आता डॉक्टरांची गाडी म्हणून विकली हे सिद्ध करायला माझ्याकडं फक्त दाजी आहेत.