तोर्शाव्नमध्ये जेवायचं कुठे, सामान घ्यायचं कुठून?

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची राजधानी तोर्शाव्न पायी फिरता येईल एवढीच आहे. पण खिसा बघून ठरवावं लागतं: जुन्या गल्लीतलं रेस्टॉरंट, कुणाच्या घरचं पान, की बंदरावरून मासे आणून स्वतः रांधायचं? एकाच मोठ्या जेवणाला पैसे काढणार असाल, तर ते घरचंच घ्या असं मी सांगेन.

त्याला तिथे ‘हाइमाब्लिद्नी’ म्हणतात. कुटुंबं पैसे घेऊन पाहुण्यांना आपल्या टेबलावर जेवू घालतात. बुकिंग आधी करावं लागतं, आणि बरीच घरं गावाबाहेर असल्याने गाडी किंवा बस बघावी लागते. तरीही ते सोसावं, कारण इथलं खाणं समजावून घेत खायचं आहे. मेंढीचं मटण मीठ न लावता, फटी ठेवलेल्या लाकडी खोपटात टांगतात. खारा वारा आरपार जात राहतो. शरद ऋतूत टांगलेलं मटण काही आठवड्यांत आंबतं, ते ‘रॅस्त’. ते शिजवून खातात. महिनोन्महिने आणखी वाळलं की ‘स्केर्पिक्योत’: कच्चंच, पातळ काप करून ब्रेडवर. सुक्या बोंबलाला सरावलेलं आपलं नाकही पहिल्यांदा थबकतं. अशा वेळी वाढणारा माणूस शेजारी असला की दुसरा घास सोपा जातो. व्हेलचं मांसही पानात येऊ शकतं. नको असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

रेस्टॉरंटच हवं असेल तर गोंगिन ही गल्ली गाठा. ‘रॅस्त’ याच नावाच्या ठिकाणी आंबवलेल्या पदार्थांचं अनेक वाढण्यांचं जेवण मिळतं, खर्च भरपूर. त्या वासाची धास्ती असेल तर त्याच गल्लीत ‘बार्बरा’मध्ये मासे किंवा ‘आरस्तोवा’त मंद शिजवलेलं मटण.

खोलीला स्वयंपाकघर असेल तर सगळ्यात स्वस्त म्हणजे स्वतः रांधणं. ताजे मासे बंदरावरच्या विक्रेत्याकडून घ्यावेत. मात्र काय मिळेल ते त्या दिवशीच्या बोटींवर. बाकी सगळं ‘एसएमएस’ मॉलमधल्या ‘मिक्लागार्दुर’ या सुपरमार्केटमध्ये. स्केर्पिक्योतचा अख्खा तुकडा न घेता कापांचं छोटं पाकीट घ्या, सोबत रुबार्बचा (आंबट देठांच्या एका भाजीचा) जॅम. भाज्या बहुतेक बाहेरून येतात, म्हणून महाग. बटाटे मात्र तिथलेच आणि चवदार. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोलीच शोधावी, आणि डाळ-मसाले घरूनच न्यावेत.