उघड्या मुळांचे गुलाब: पाच रोपे, एक हंगाम

उघड्या मुळांचे गुलाब घरपोच पाठवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून मी पाच रोपे मागवली होती: दोन ‘आइसबर्ग’, दोन ‘पीस’ आणि एक ‘डबल डिलाइट’. अशी रोपे सुप्तावस्थेत उपटून, मुळांवरची माती पूर्ण झाडून पाठवली जातात, त्यामुळे हाती येते ती पाने नसलेल्या काटेरी काटक्यांची जुडी. ती पाहून रोपांची पारख होत नाही, म्हणून पहिला बहर सरल्यावर मी हे लिहीत आहे.

प्रत्येक रोपाला पेन्सिलीहून जाड अशा किमान तीन फांद्या होत्या, डोळा भरलेला सांधा, म्हणजे खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या गुलाबावर) हव्या जातीचा कोंब फुटणारा डोळा बसवलेली जागा, स्वच्छ जुळलेला होता आणि फांद्यांतील ओल टिकावी म्हणून त्यांवर मेणाचा पातळ थर दिलेला होता. मुळे ओलसर कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली होती. एका ‘पीस’ची पिशवी मात्र वाटेत फाटली आणि त्याची बारीक मुळे वाळून ठिसूळ झाली होती. या जातीचे डोळे 1939 मध्ये, युद्ध पेटण्याच्या सुमारास, फ्रान्सबाहेर पाठवले गेले आणि 1945 मध्ये तिला हे नाव मिळाले. तिचेच रोप प्रवासात सुकलेले पाहून मला विशेष वाईट वाटले.

सोबतचे माहितीपत्रक बऱ्याच अंशी उपयुक्त आहे. मुळे लावणीपूर्वी रात्रभर पाण्यात ठेवावीत, पण चोवीस तासांहून अधिक नव्हे, मोडलेली मुळे निरोगी भागापर्यंत कापावीत आणि खड्ड्याच्या तळाशी मातीचा उंचवटा करून त्यावर मुळे छत्रीसारखी पसरावीत, हे त्यात नीट सांगितले आहे. माझे दोन आक्षेप आहेत. सांधा जमिनीपासून किती उंचीवर ठेवायचा हे हवामानावर ठरते: उष्ण प्रदेशात तो मातीच्या किंचित वर असावा, तर कडक थंडीच्या प्रदेशात काही सेंटिमीटर मातीखाली असावा, पत्रकात मात्र सर्वांसाठी एकच माप दिले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण खड्ड्यात मूठभर रासायनिक खत घालण्याचा त्यातील सल्ला नव्याने फुटणाऱ्या कोवळ्या मुळांना भाजू शकतो. मी तो पाळला नाही. खत पहिल्या बहरानंतरच दिले.

‘डबल डिलाइट’ सर्वांत आधी फुटले. आठवड्याभरात लालसर धुमारे बोटभर वाढले आणि मी निर्धास्त झालो, पण दोन दिवस कोरडा वारा सुटताच ते सगळे माना टाकून काळे पडले. उघड्या मुळांच्या रोपाची पहिली पालवी फांद्यांत साठवलेल्या अन्नावर येते. त्या वेळी पाणी ओढणारी बारीक मुळे पुरेशी तयार झालेली नसतात, आणि पानांतून निघून जाणारे पाणी भरून काढणे रोपाला जमत नाही. अशा वेळी घाबरून पाणी वाढवले, तर मुळे कुजण्याची भीती असते. मी नखाने साल किंचित खरवडून पाहिली: वरचा भाग तपकिरी, सांध्याजवळचा हिरवा होता. मेलेला भाग गाभा पांढरा दिसेपर्यंत कापला, उरलेल्या फांद्यांभोवती ओलसर कंपोस्टचा ढीग रचला, दुपारची सावली केली आणि माती वाफशावर आल्याखेरीज पाणी दिले नाही. सुकलेल्या ‘पीस’लाही हेच उपचार केले.

या काळात रोपवाटिकेशी झालेला पत्रव्यवहार मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी खरवडलेल्या सालीची छायाचित्रे मागवली आणि सहा आठवडे थांबण्यास सांगितले. तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली होती. ते माझे चुकले, कारण चौथ्या आठवड्यात ‘डबल डिलाइट’च्या बुंध्याशी जाड फुटवा आला. तो सांध्याच्या वरून निघाल्याची खात्री मी माती बाजूला सारून केली. सांध्याखालून येणारा फुटवा खुंटाचा असतो; तो वरवर कापला तर पुन्हा जोमाने येतो, म्हणून उगमापासून ओढून काढावा लागतो. ‘पीस’च्या बुंध्याशी नेमका तसाच फुटवा आला, वरचे कलम मेले होते, आणि रोपवाटिकेने आणखी काही न विचारता पुढच्या हंगामात नवे रोप देण्याचे मान्य केले.

दोन्ही ‘आइसबर्ग’ आणि उरलेले ‘पीस’ यांना लावणीनंतर कसलाच त्रास झाला नाही. ‘डबल डिलाइट’च्या पहिल्या कळ्या रोपाला बळ यावे म्हणून मी खुडल्या, पुढच्या खेपेस आलेल्या एकुलत्या फुलाला लाल कडा आणि सुगंध दोन्ही पुरेपूर होते. रोपांच्या प्रतीबद्दल आणि नंतरच्या सेवेबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. बांधणी अधिक मजबूत हवी आणि पत्रकातील खताचा सल्ला काढून टाकायला हवा. दोन्ही सूचना त्यांना लेखी कळवल्या आहेत. पुढच्या हंगामासाठी आणखी तीन रोपांची मागणीही नोंदवली आहे.