स्कॅलप्ड फ्रेटबोर्डची जुनी जपानी स्ट्रॅट: पावसाळा, गणपती आणि हिवाळा काढल्यानंतर

‘स्पीड वाढतो’ म्हणून कुणी स्कॅलप्ड गिटार घेणार असेल, तर पैसे वाचवा. माझा स्पीड होता तिथेच आहे. सुधारली ती मींड आणि व्हायब्रेटो. शिवाय डाव्या हाताच्या ज्या खोडी इतकी वर्षं झाकून राहिल्या होत्या, त्या सगळ्या चव्हाट्यावर आल्या.

ज्यांनी अशी गिटार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: गिटारच्या नेकवर (मानेवर) धातूचे आडवे पडदे असतात, ते फ्रेट. अशा दोन फ्रेटांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोट तारेला लागतं, तार फ्रेटला टेकते, पण बोटाखाली लाकूड येतच नाही. ‘डीप पर्पल’च्या रिची ब्लॅकमोरने सत्तरच्या दशकात हे केलं, स्वीडिश गिटारवादक मालमस्टीनने घरोघरी पोचवलं आणि १९८८ मध्ये फेंडर कंपनीने मालमस्टीनच्या नावाची स्ट्रॅटोकॅस्टर (म्हणजेच स्ट्रॅट) काढली. आयबानेझ कंपनीच्या १९८७ च्या ‘जेम’ मॉडेलवर फक्त शेवटचे चार फ्रेट असे होते. जॉन मॅक्लॉफ्लिनने ‘शक्ती’ या बँडच्या काळात वाजवलेली अकूस्टिक गिबसनही खोलगट फ्रेटबोर्डचीच होती, वर तरफांसारख्या सात तिरक्या ताराही. वीणा किंवा सतार जवळून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. सतारीचे पडदे दांडीपासून वर उचललेले असतात ते याचसाठी.

माझी गिटार फेंडर जपानची, १९५७ च्या धाटणीची: मेपलची नेक, २१ फ्रेट, छोटं हेडस्टॉक. सिरीयल नंबर ‘एच’ने सुरू होतो, म्हणजे १९८८-८९ च्या आसपासची. हा नंबर नेकवर असतो हे लक्षात ठेवा. तो नेकचं वय सांगतो, बॉडीचं नाही. स्क्रू काढून नेक बाजूला केल्याशिवाय दोन्ही एकाच गिटारचे आहेत असं गृहीत धरू नका.

विकणारे काका पुण्यातल्या कर्वेनगरचे, नव्वदच्या दशकात कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचे. मी विचारलं, “काका, हे कोरकाम कंपनीचं आहे का?”

“कंपनीचं कसलं रे! आमच्या एका मित्राने कानस लावून केलंय. पण हात चांगला होता हं त्याचा.”

माणूस सरळ होता म्हणून हे लगेच कळलं. एरवी ओळखायचं कसं, तर खळग्यात नीट बघायचं. माझ्या गिटारवर फ्रेटच्या दोन्ही अंगांना जुन्या लॅकरची पिवळट पट्टी शिल्लक आहे आणि मधला खळगा फिकट आहे, कारण तिथलं लॅकर नंतर हाताने मारलेलं आहे. नवव्या फ्रेटपाशी त्याचा एक ओघळ वाळून टणक झालाय, नखाला लागतो. सातव्यावरचा काळा ठिपका घासून इतका पातळ झालाय की खालचं लाकूड झिरपल्यासारखं दिसतं. कारखान्यातून आलेल्या नेकवर असं काही दिसत नाही.

आता किमतीचं. जालावरच्या जाहिराती पाहून काकांचा समज झाला होता की स्कॅलप्ड म्हणजे स्पेशल, म्हणजे जास्त भाव. कंपनीच्या सिग्नेचर मॉडेलच्या बाबतीत ते खरं आहे. घरी कोरलेल्या जुन्या गिटारच्या बाबतीत उलट. जुन्या जपानी स्ट्रॅटला जे जास्त पैसे मोजतात त्यांना ती जशी आली तशी हवी असते, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. खळगे भरून नेक पूर्ववत करणं हा व्यवहार्य उपाय नाही. पण स्ट्रॅटची नेक चार स्क्रूंवर असते, गिबसनच्या लेस पॉलसारखी चिकटवलेली नसते. म्हणून मी हिशोब दोन भागांत केला. बॉडी, पिकअप, ब्रिज यांना त्या वयाच्या गिटारचा पूर्ण भाव. नेकला संग्राहकाचा भाव शून्य, वाजवणाऱ्याचा भाव जो पटेल तो. काकांनी आधी नाक मुरडलं, मग चहा मागवला. शेवटी न कोरलेल्या गिटारला लोक मागतात त्याच्या साधारण दोन तृतीयांशात जमलं.

नेकचा तो ‘पटेल तो’ भाव ठरवताना मी सगळ्यात जास्त वेळ फ्रेटच्या उंचीवर घालवला, आणि माझ्या मते निम्मी किंमत तिथेच असते. साध्या गिटारवर फ्रेट बदलताना फ्रेटबोर्ड थोडा घासून सपाट करून घेता येतो. इथे घासायला जागाच नाही, असलेल्या लाकडावरच काम भागवायचं. त्यातून ज्याने कोरलं त्याने फ्रेटच्या अगदी मुळापर्यंत कानस नेली असेल, तर फ्रेट काढताना खाचेच्या कडा उडतात. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना लाकडाची थोडी तरी सपाट पट्टी हवीच. माझ्या गिटारवर ती आहे, आणि मधे कधीतरी कुणी जाड, उंच फ्रेट टाकलेत, त्यांची उंची अजून बरीच शिल्लक आहे. ती नसती तर गिटार भिंतीवरच शोभली असती.

वाजवण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात वैताग येतो. साधा ‘सी’ कॉर्ड धरला तरी बेसूर. इतकी वर्षं आपण तार लाकडापर्यंत दाबत होतो हे तेव्हा कळतं. इथे खाली काहीच नाही, दाबाल तितकी तार ताणली जाते आणि स्वर चढतो. वाइंडिंग नसलेली ‘जी’ची तार सगळ्यात आधी बोंब मारते. ट्यूनर लावून दुसऱ्या फ्रेटवर ती हलकी दाबा, मग तुमच्या नेहमीच्या जोराने दाबा. काटा किती पुढे जातो ते बघा, म्हणजे तुमच्या सवयीचं माप मिळेल. मी ०.००९ इंचाच्या तारेपासून सुरू होणारा संच काढून ०.०१० चा लावला. ताणल्यावर स्वर चढायचा तो तितकाच चढतो, पण जाड तार खाली दाबायला जोर जास्त लागतो, त्यामुळे नकळत दाबली जात नाही. मालमस्टीन वरची तार ०.००८ ची लावतो. त्याचा हात तसा आहे, माझा नाही.

गणपतीत ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम वाजवणारा माझा एक मित्र घरी आला, त्याने दोन बार कॉर्ड मारले आणि म्हणाला, “अरे, ही सुरातच नाहीये!” मी तेच कॉर्ड वाजवून दाखवले, सुरात. तरी त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. तीन तास उभं राहून एकामागून एक गाणी उडवायची असतील, घामाने हात ओला असेल, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा असेल, तर ही गिटार नको. कॅपो तर इथे शत्रूच. फ्रेटला अगदी खेटून आणि कमीत कमी जोराने लावला तरच निभावतो.

पण एकदा हात हलका झाला की मग मजा आहे. यमनमधली ग-म-प मींड एकाच फ्रेटवरून ओढताना बोटाचं टोक तारेच्या खाली, बाजूने पकड घेतं, घसरत नाही. लाकडाचं घर्षण नसल्यामुळे तीव्र मध्यमावर थांबून तिथेच किंचित हलवता येतं, मग पंचमाला पोचता येतं. साध्या फ्रेटबोर्डवर मी हे करायचो तेव्हा मधला स्वर नेहमी पुसट व्हायचा. आंदोलन मात्र शिकावं लागतं, कारण तार खाली दाबूनही स्वर हलतो आणि आडवी ओढूनही. सुरुवातीला दोन्ही एकदम होतं आणि फार भयंकर ऐकू येतं. घरच्यांना विचारा.

एक गैरसमज मीही बराच ऐकला होता: स्कॅलप केल्यावर बेंड करताना स्वर मरत नाही. साफ चूक. माझ्या नेकची गोलाई ७.२५ इंचांची आहे, जुन्या फेंडरची असते तशी. अशा गोल नेकवर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून वरच्या फ्रेटवर तार ओढली की ती पुढच्या फ्रेटच्या माथ्याला टेकते आणि आवाज गुदमरतो. लाकूड कोरल्याने फ्रेटचे माथे कुठे हलतात? उपाय नेहमीचाच: अ‍ॅक्शन थोडी वर, किंवा वरच्या फ्रेटचे माथे जरा सपाट घासणं. मी अ‍ॅक्शन वर घेतली.

पावसाळ्यात नेक हलली. जुलैत अ‍ॅक्शन आपोआप वाढलेली दिसली आणि ट्रस रॉडचा (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा) नट या मॉडेलला टाचेकडे, म्हणजे बॉडीच्या बाजूला असल्याने तारा सैल करून, नेक सोडवून फिरवावा लागला. पाव आटा पुरला. हिवाळ्यात परत उलटा. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता भाग) खरखरत होता, तपकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणला, दोन फवाऱ्यांत काम झालं. खळग्यांमध्ये घाम आणि मळ साचतो. जुना मऊ टूथब्रश बरा पडतो. जिथे हाताने मारलेलं लॅकर उडालंय, तिथे मेपल करडा पडायला लागलाय. तो कोपरा भरून घ्यायचा आहे.

तिसऱ्या तारेखाली दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर आता बारीक खाचा दिसतात. सध्या नुसतं लेव्हलिंग (माथे घासून एका पातळीत आणणं) करून भागेल असं दुरुस्ती करणारे म्हणतात. फ्रेट बदलायची वेळ येईल तेव्हा कमी झिजणारे स्टेनलेस स्टीलचे टाकणार, कारण या नेकवरून फ्रेट पुन्हा पुन्हा काढणं मला परवडणारं नाही. आणि एक साधी, न कोरलेली मेपलची नेक शोधतोय. उद्या विकायची वेळ आली, तर दोन्ही नेक सोबत द्यायच्या आणि गिऱ्हाइकाने हवी ती लावून घ्यायची.