‘काइरो’ : भुताला भेटून एकटेपण सरत नाही

कियोशी कुरोसावा यांचा २००१ सालचा ‘काइरो’ हा जपानी चित्रपट भुतांचा असला, तरी त्यातली भुते कोणावर सूड उगवत नाहीत. (प्रसिद्ध जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्याशी या दिग्दर्शकाचे नाते नाही, आडनाव तेवढे एक.) १९९८च्या ‘रिंगु’ या जपानी भयपटातल्या सादाको या भुताला निदान माणसांचा राग तरी होता; येथील भूत मात्र मरण म्हणजे न संपणारे एकटेपण एवढेच सांगते, आणि त्यावर कोणताही उतारा चालणार नाही हे ऐकणाऱ्याला कळून चुकते.

तोक्योतील गच्चीवरच्या रोपवाटिकेत काम करणारी मिची, बरेच दिवस न दिसलेल्या तागुची या सहकाऱ्याकडे एक फ्लॉपी आणायला जाते. तो अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या पडद्याशेजारी तिच्याशी अगदी साधे बोलतो, दोरी उचलून पलीकडे जातो, आणि ती फ्लॉपी शोधत असतानाच त्याने गळफास घेतलेला असतो. ना संगीताचा दणका, ना कॅमेऱ्याची धावपळ. एकाच घरात असूनही तिला चाहूल लागली नाही, ही खरी धास्ती.

दुसऱ्या कथानकात नुकताच इंटरनेट घेतलेल्या कावाशिमाला संगणक विचारतो, ‘भुताला भेटायचे आहे का?’ विद्यापीठातील हारुए त्याला पडद्यावर फिरणारे ठिपके दाखवते: दोन ठिपके फार जवळ आले तर नष्ट होतात, फार दूर गेले तर पुन्हा ओढले जातात. चित्रपटाचा सारा आशय या एका दृश्यात सामावला असताना, मृतांच्या जगात जागा उरली नाही म्हणून भुते इकडे येतात, हे मधेच दिलेले स्पष्टीकरण मला अनावश्यक वाटले. शेवटाकडचे जळते विमानही संगणकीय करामत म्हणून लगेच ओळखू येते. याउलट लाल चिकटपट्टीने बंद केलेल्या खोलीत संथपणे चालत येणारी, मधेच तोल जाऊन सावरणारी बाई कोणत्याही करामतीशिवाय थरकाप उडवते.

आज मोडेमचा खरखराट जुनाट वाटेल, पण कोयुकीने साकारलेली हारुए जुनी होत नाही. संगणकावर तिला स्वतःचीच, कोणीतरी पाहत असल्यासारखी टिपलेली प्रतिमा दिसते. ती त्या दिशेला वळते, रिकाम्या हवेला मिठी मारते आणि समाधानाने म्हणते, ‘मी एकटी नाही.’