डोकं पुढे की मागे? मुलांना टॅकल शिकवण्याच्या दोन पद्धती

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "पोरगं फुटबॉलचा हट्ट धरून बसलंय, घालू का?" फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला. टीम निवडताना आपण फी बघतो, घरापासूनचं अंतर बघतो, मॅचेस शनिवारी असतात की रविवारी ते बघतो. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं, कसं शिकवतात, हे मात्र कुणी विचारत नाही. सध्या मैदानावर दोन पद्धती दिसतात, आणि दोन्हींचे कोच आपलीच सुरक्षित असल्याचं ठासून सांगतात.

पहिली 'हेड्स अप'. यूएसए फुटबॉल या संस्थेने 2012 पासून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पाठबळावर ती देशभर नेली. मूळ विचार रास्त होता. हेल्मेट पुढे करून भाल्यासारखं घुसायला शाळा-कॉलेजांच्या नियमांनी 1976 मध्येच बंदी घातली होती, आणि मानेखाली लुळं पडण्याच्या घटना त्या वर्षीच्या 34 वरून 1984 मध्ये 5 वर आल्या. त्याच वाटेने ही पद्धत पुढे जाते. नजर वर ठेवायची, छोटी छोटी पावलं टाकत वेग आवरायचा, गुडघ्यांत वाकायचं, मग कंबर झटक्यात पुढे आणि दोन्ही हात खालून वर. छातीने भिडायचं. टप्पे मोजून पाच, त्यामुळे कोच म्हणून उभा राहिलेल्या कुणाच्याही बाबाला शिकवता येतात.

गोम आहे ती शेवटच्या क्षणात. समोरून छातीने भिडायचं म्हटलं की डोकं धावणाऱ्याच्या वाटेतच येतं. नजर वर असली म्हणून डोकं बाजूला जात नाही. त्यात अकरा वर्षांच्या एका मुलाचं वजन दुसऱ्याच्या दीडपट असू शकतं. हलका पोरगा उभ्या अंगाने भिडला की मागे उताणा पडतो, आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते.

दुसरी पद्धत खांद्याची, थेट रग्बीतून उचललेली. 2014 च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकलेल्या सिएटल सीहॉक्सचे कोच पीट कॅरोल यांनी त्याच वर्षी तिचा व्हिडिओ खुला केला आणि 'हॉक टॅकल' हे नाव रुळलं. यात धावणाऱ्याच्या जवळच्या कमरेवर नजर ठेवून तिरकं जायचं. खांदा मांडीला लावायचा, दोन्ही हातांनी पाय कवळायचे, डोकं त्याच्या मागच्या बाजूला, पाय चालू ठेवायचे. गरज पडली तर मिठी न सोडता त्याच्यासकट लोळण घ्यायची. रग्बीत हेल्मेट नसतं, म्हणून तिथे डोकं जपायला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

कबड्डी खेळलेल्याला हे लगेच कळेल. मांडीची पकड घालताना कोपऱ्यावरचा खेळाडू आपलं डोकं चढाईपटूच्या पुढ्यात नेतो का? नेलं तर गुडघा खाईल. आमच्या वेळी ते तोंडी कुणी शिकवलंच नाही, दोनदा ओठ फुटला आणि आलं.

या पद्धतीलाही खोट आहे. बाजू चुकली आणि डोकं पुढे गेलं, तर मांडीच्या उंचीवर गुडघा थेट तोंडावर बसतो. म्हणून ती पायरीपायरीने शिकवावी लागते: आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग फोमच्या गडगडत्या चाकावर, आणि जिवंत माणसावर अगदी शेवटी. घाई करणाऱ्या कोचच्या हातात ती पहिलीपेक्षा वाईट. शिवाय पाय धरलेला गडी पडता पडता यार्ड-दोन यार्ड पुढे सरकतोच, आणि काही कोचना तेवढंही सहन होत नाही.

तरी निवड करायची तर मी खांद्याची करीन. यूएसए फुटबॉलही पुढे रिची ग्रे या स्कॉटिश कोचला घेऊन खांद्याच्याच टॅकलकडे वळलं, यात काय ते आलं.

पण पद्धतीच्या नावावर भाळू नका. 'हेड्स अप'मुळे मेंदूला बसणारे हादरे घटल्याचे आकडे आधी बरेच मिरवले गेले. 2016 मध्ये उघड झालं की छापून आलेल्या अभ्यासात तसं काही दिसत नव्हतं. फरक दिसला तो जिथे त्याच्या जोडीला पॉप वॉर्नर या लीगची सरावातल्या धडकांवरची मर्यादा होती तिथे. उलट न्यू हॅम्पशायर विद्यापीठात खेळाडूंच्या एका गटाला आठवड्यातून थोडा वेळ हेल्मेट काढून टॅकलचा सराव दिला, तर हंगामाच्या अखेरीस त्यांच्या डोक्याला बसणारे धक्के 28 टक्क्यांनी कमी भरले. हे 2015 चं. ते कॉलेजचे गडी होते, हे ध्यानात ठेवा.

म्हणून कोचला पद्धतीच्या आधी मिनिटं विचारा. कॅलिफोर्नियात 2021 पासून कायदाच आहे: पूर्ण धडकेचा सराव आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस, दिवसाला 30 मिनिटं. "आम्ही तेवढी पूर्ण वापरतो" म्हणणारा कोच मला नको. एक सराव स्वतः उभं राहून बघा. दोन पोरांना समोरासमोर उभं करून बाकीचे गोल करून ओरडतायत असं दिसलं तर चेक फाडून घरी या. असले ड्रिल एनएफएलनेही 2019 मध्ये आपल्या शिबिरांतून काढून टाकले.

आणि मूल दहाच्या आतलं असेल तर या दोन्ही पद्धती बाजूला ठेवून फ्लॅग फुटबॉल बघा. तिथे कमरेची पट्टी ओढली की टॅकल झालं. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2021 च्या अभ्यासात 6 ते 14 वयोगटातल्या टॅकल खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला हंगामात मध्यक (अगदी मधल्या मुलाचा आकडा) 378 धक्के मोजले गेले, फ्लॅगवाल्याला 8. आजी-आजोबांना फोनवर पटवायचं असेल तर सांगा की हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 मध्ये, क्रिकेटच्या बरोबरीने. कवळून धरायचं कसब पुढे बारा-तेराव्या वर्षीही शिकता येतं. धावणाऱ्याच्या कमरेवर नजर ठेवायची सवय पट्टी ओढतानाच लागलेली असते.